अकरा जणांच्या वतीनं

सीरियाच्या सीमेबाहेरच्या मफरक शहरातल्या आमच्या डायलिसिस केंद्रात चार यंत्रं होती आणि अकरा पेशंट. सगळे सीरियातून पळून आलेले. मीही तिकडचीच, दरा शहरातली, इथे नर्स. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून घ्यावं लागे.

केंद्र चालवणारी परदेशी संस्था वर्षअखेरीला निघून जाणार असं कळलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी खटपट करून कैरोच्या नटी दुर्रिया शौकत यांना भेटीला आणलं. त्यांच्या नावावर लोक मदत पाठवत. पण त्यांच्या मॅनेजरनं आधीच सांगितलं होतं, "बाई एकाच कामाला नाव देतील. तुमच्या इमारतीत वर बहिऱ्या मुलांचा वर्ग आहे ना? तोही दाखवा."

बाई आधी वर गेल्या. तिथे एका मुलीच्या कानाला यंत्र लावलं आणि तिनं पहिल्यांदा आईची हाक ऐकली. बाई खाली आल्या तेव्हा डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. त्या अबू मुतसिमच्या खुर्चीशेजारी बसल्या. हे आमचे भूगोलाचे मास्तर. वय एकाहत्तर, जीभ तिखट.

"वरची पोरं गोड आहेत ना?" मास्तर म्हणाले. "आम्ही हे असे. सुजलेले आणि किरकिरे."

बाई हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "काका, खरं सांगू? मला ठरवताच येत नाहीये. तुम्हीच सांगा, काय करू?"

कॅमेरावाला पुढे सरकला.

"मुलांना द्या, बाई," मास्तर म्हणाले. "आमचं काय, जगून झालंय."

बाईंनी त्यांचा हात कपाळाला लावला. पलीकडच्या खुर्चीत सुलाफ होती. सव्वीस वर्षांची, दोन मुलींची आई. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सुई सारखी करण्याचं निमित्त काढून मान खाली घातली. नंतर जिन्यात मॅनेजरला गाठलं. "ते एकटे बोलले हो, बाकीच्यांना विचारा." तो म्हणाला, "सिस्टर, आता शूट झालंय."

तो व्हिडिओ घरोघरी पोचला. मुलांसाठी जागा सोडणारा म्हातारा! जर्मनीतून मास्तरांच्या पुतण्याचा रडत फोन आला. पुढच्या पाळीला मास्तर आले, तर खोलीत कुणी सलामला उत्तर देईना.

शेवटी सुलाफच बोलली. "काका, तुमचं जगून झालं असेल. माझ्या धाकटीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. मला कुणी विचारलं होतं?"

मास्तरांनी नळीतल्या रक्ताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, ती नाही म्हणेल. पाहुण्याला आपण म्हणतोच ना, सगळं घर तुझं. पाहुण्यानं नको-नको म्हणायचं असतं."

"ती घेऊन गेली," सुलाफ म्हणाली.

जानेवारीत संस्था गेली. दोन यंत्रं बंद पडली. शहरातले गरीब पेशंटही उरलेल्या दोनांवर आले. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच पाळी. पाय सुजायला लागले. रात्री आडवं पडलं की श्वास कोंडे, म्हणून माणसं भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपत. मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं, "माझी पाळी सुलाफला द्या."

"तसं नाही करता येत, उस्ताद. प्रतीक्षायादीत सतरा जण आहेत. पहिला असेल त्याला जाईल."

मास्तर तरी यायचे थांबले. मी त्यांच्या घरी गेले, भांडले, हातापाया पडले. "ज्याला मिळेल त्याला मिळू दे," ते म्हणाले आणि मला कॉफी करून घ्या म्हणाले. नवव्या दिवशी ते गेले. त्यांची पाळी एका ट्रक ड्रायव्हरला मिळाली. सुलाफ एप्रिलमध्ये गेली. तिच्या नवऱ्यानं मुलींना केंद्रात आणलं नाही, हे बरं केलं.

वरच्या वर्गाचं दीड वर्ष चांगलं चाललं. मग दुसऱ्या देशात भूकंप झाला आणि बाई तिकडे गेल्या. जाऊ नये असं कोण म्हणेल? माणसं ढिगाऱ्याखाली होती. मी मॅनेजरला फोन केला तर तो थकल्या आवाजात म्हणाला, "बाई एकट्या कुठं कुठं पुरणार, सिस्टर?" कानातल्या यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या. बाईंसमोर जिच्या कानाला यंत्र लावलं होतं, ती मुलगी आता हाक मारली तरी वळत नाही. ऐकू यायला लागल्यापासून बोलायच्या हातांच्या खुणाही ती विसरली होती. शिक्षिका पुन्हा पहिल्यापासून शिकवतेय.

गेल्या हिवाळ्यात एक फुटबॉलपटू येऊन गेला. तो यायच्या आधी मी पेशंटना बजावलं, "त्यानं काही विचारलं तर कुणी सभ्यपणा करायचा नाही. मागायचं. ओरडून मागा."

त्यांनी मागितलं. ट्रक ड्रायव्हरनं तर त्याची बाही धरून ठेवली. तो घाबरला, खोलीत पुरती पाच मिनिटंही थांबला नाही. दुपारी त्याच्या माणसाचा निरोप आला, की ते कुठेतरी विहिरी खोदायचं काम घेणार आहेत.