अर्धं ताट

लॉन्ड्रीतल्या कामावरून दमून आलेल्या आईला मोरीत ठमीचा डाग पडलेला, भिजवलेला फ्रॉक दिसला. डाग कसला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ठमीला नुकतीच दहा वर्षं पूर्ण झाली होती.

"एवढी कसली घाई झाली होती गं तुला?" म्हणत तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. आपण आता मरणार, या भीतीने सकाळपासून कोपऱ्यात बसलेल्या ठमीला काहीच उमगलं नाही.

सासूबाई तर भडकल्याच. त्या स्वतः सोळाव्या वर्षी शहाण्या झाल्या होत्या, सून चौदाव्या, आणि ही कार्टी आत्ताच! सुनेने दूध-अंडी चारून पोरीला माजवलं, खाणं तोडलं की आपोआप थांबेल, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. आईलाही तो पटला. दूध बंद झालं, अंडं बंद झालं, जेवण अर्ध्यावर आलं. ठमी भुकेने रडली की आई म्हणायची, "रड. मिरव अजून बाईपण."

पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. सासूसुनेला वाटलं, मात्रा लागू पडली. त्याच आठवड्यात ठमी शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. कपाळाला खोक पडली.

डॉक्टरबाईंनी टाके घातले, नीट तपासलं, पोरगी काय खाते ते विचारलं. आईने सगळं सांगून टाकलं. तिथेही सासूबाईंनी आपल्या सोळाव्या वर्षाचा तोरा मिरवलाच.

"आजी, तेव्हा घरात तुम्हाला जेवायला काय मिळायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "काय मिळणार? भाऊ जेवून उरलं तर आम्ही बहिणी जेवायचो."

"म्हणूनही उशीर झाला असेल. उपाशी शरीर मागे राहतं. सुनेला तुमच्यापेक्षा बरं मिळालं, हिला त्याहून बरं. पिढीगणिक हे वय खाली येतंय, त्याची आणखीही कारणं आहेत. इतक्या लवकर आली तर एकदा दाखवून घ्यायचं, एवढंच. मुलगी धडधाकट होती. आजारी तिला तुम्ही पाडलंत."

आईला बसल्या जागी रडू कोसळलं.

घरी येताच तिने भरलेलं ताट लेकीपुढे ठेवलं. पाळी म्हणजे काय, ते पहिल्यांदाच जवळ बसून समजावलं. ठमीने निमूट ऐकलं, अर्धं खाल्लं आणि ताट सरकवलं.

"खा गं बाळा, अजून खा."

"नको. परत आली तर तू मारशील."

आईबापांनो, लेकीचं शरीर तुमच्या वेळचं वय विचारून वाढत नाही. ती घाबरण्याआधीच तिला सगळं सांगा आणि पोटभर जेवू द्या. ठमीची आई आता हे भेटेल त्या बाईला सांगते. पण तिची स्वतःची पोरगी अजूनही आईच्या तोंडाकडे बघूनच घास उचलते.