ठमाबाई उभी राहिली

कोथिंबिरीचा क्रेट भरून झाला आणि तो उचलायला ठमाबाई वाकली, तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील. आषाढाची झिमझिम चालू होती. वावरात पाय टाकला की चिखल चपलेसकट ओढून घ्यायचा. क्रेट गुडघ्याएवढा वर आला आणि उजव्या ढुंगणात कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ निघाली. मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट पायाच्या करंगळीपर्यंत गेली. क्रेट हातातून सुटला, जुड्या चिखलात सांडल्या आणि ठमाबाई त्या जुड्यांवरच आडवी झाली.

तिचा नवरा चिमाजी बांधावर मोबाइलवर बोलत उभा होता. त्यानं आधी जुड्यांकडं पाहिलं.

"आगं, माल गेला ना सगळा चिखलात!"

"अवं, मालाचं ऱ्हाऊ द्या. आधी मला उचला."

ही ठमाबाई म्हणजे चिंचवंडीची सरपंच. पण गावात 'सरपंच' म्हटलं की लोक चिमाजीकडं बघत. मागच्या निवडणुकीत सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. चिमाजीनं तर सहा महिने आधीच पांढऱ्या कपड्यांचे चार जोड शिवून ठेवलेले. ते वाया कसे घालवायचे? म्हणून त्यानं अर्ज बायकोच्या नावानं भरला आणि कपडे स्वतः घातले. पंचायतीतल्या फिरत्या खुर्चीवर तो बसे, नारळ तो फोडी, अधिकारी आले की शाल तो घाली. ठमाबाईचं काम सह्यांचं. ग्रामसेवक भाऊसाहेब बोट ठेवतील तिथं सही करायची आणि घरी येऊन भाकरी थापायच्या. गाव तिला 'सरपंचाची बायको' म्हणे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर तिलाही नाही.

आता मात्र त्या सळईनं तिचा पाय धरला तो सोडीना. बसलं की कळ, शिंकलं की कळ, भाकरीला खाली बसावं तर मुंग्यांचं वारूळ पायात फुटल्यासारखं. ती ओट्याशी उभ्यानं भाकरी थापायला लागली.

गावाला समजलं आणि उपायांची रीघ लागली. शेजारच्या सखुबाईनं लसणाचं तेल आणलं. चिमाजीनं मोबाइलवर आलेला व्हिडिओ बघून तिला दारामागं उलटं वाकवून पाहिलं, तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली गाय दावं तोडून गेली. शेवटी त्यानं तिला पल्याडच्या वस्तीवरच्या कोंडाजीकडं नेलं. नस धरण्यात कोंडाजीचं नाव मोठं. त्यानं डोळे मिटून तिचा पाय चाचपला.

"नस चढलीय," तो म्हणाला. "आता उतरवतो बघा." आणि टाचेवर बिब्बा घातला.

नस काही उतरली नाही. टाचेला मात्र लिंबाएवढा फोड आला. आठ दिवस ठमाबाईला ठरवता येईना, की कंबरेसाठी कण्हावं का टाचेसाठी.

"बग, कमरंचं दुखनं इसरलीस का नाय?" चिमाजी म्हणाला. "गुन हाय मानसाच्या हाताला."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं भिकनची ॲपे रिक्षा दारात बोलावली आणि एकटीच निफाडच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी तिला खाटेवर निजवलं, पाय सरळ ठेवून वर उचलून बघितला, अंगठ्यात जोर आहे का ते बघितलं, लघवीवर ताबा आहे ना तेही विचारलं. मग म्हणाले, "सायटिका आहे. कमरेच्या मणक्यातून पायात उतरणारी मोठी नस दाबली गेलीय. घाबरू नका, बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं. पण वेळ लागेल, आणि व्यायाम करावा लागेल. पायातला जोर कमी झाला किंवा लघवीचं काही वाटलं तर मात्र त्याच पावली या."

घरी तिनं हे सांगितलं तर चिमाजीचा हिरमोड झाला. "ऑपरेशन नाय? मंग आजार कसला त्यो!"

व्यायाम शिकवायला दवाखान्यात वैष्णवी नावाची पोरगी होती, लेकीच्या वयाची. तिनं ठमाबाईला पोटावर निजवलं आणि कोपरांवर जोर देऊन छाती हळूहळू वर उचलायला लावली. दिवसातून चार वेळा असं करायचं, सपाट जागी चालायचं, कमरेतून वाकून ओझं उचलायचं नाही.

"आणि काकू, वीस मिनिटांवर एका जागी बसायचं नाही. कळ यायला लागली की उभं राहायचं."

"चार लोकांत बसलेलं असलं तं?"

"तरी उभं राहायचं."

"कीर्तन चालू असलं तं?"

"तरी."

"आन् मालक म्होरं बसलेले असले तं?"

वैष्णवी हसली. "तेव्हा तर नक्की उभं राहायचं. सांगायचं, डॉक्टरांनी सांगितलंय."

ठमाबाईनं हे मनावर घेतलं. सकाळी ओसरीत गोधडी टाकून ती पोटावर पडे आणि मान वर काढी. चिमाजी चहा पिता पिता म्हणे, "आता नागपंचमीला दूध तुलाच ठेवतो." तिला मनात दहा आकडे मोजायचे असत.

व्यायामानं थोडं बरं वाटे आणि रस्ता ते काढून घेई. चिंचवंडी ते मोठी सडक हा तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना मध्ये मध्ये डांबर चिकटलेलं. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, तर एकेक खड्डा नसेतून थेट करंगळीत वाजायचा. भिकन बिचारा आधी हाक द्यायचा, "काकू, धरा, शाळेपुढचा आला!" ती वरची दांडी दोन्ही हातांनी धरून सीटवरून अधांतरी व्हायची. महिनाभरात तिला तो रस्ता असा पाठ झाला, की डोळे मिटूनही कुठवर आलो ते पायाला कळे.

असं करता करता पंधरा ऑगस्ट आला. झेंडा चिमाजीनं फडकवला आणि शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. पुढं टेबल, टेबलामागं खुर्चीवर चिमाजी, बाजूला उभे भाऊसाहेब. ठमाबाई नेहमीप्रमाणं बायांच्या सतरंजीवर. भाऊसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचणं म्हणजे पत्र्यावर पाऊस. आवाज मोठा आणि शब्द एक कळायचा नाही.

"विषय क्रमांक चार. गावाच्या वेशीवर भव्य स्वागत कमान उभारणे. कमानीवर माननीय सरपंच व त्यांचे यजमान यांचे तैलचित्र बसवणे. कुणाची हरकत? नाही. मंजू—"

तेवढ्यात ठमाबाईच्या ढुंगणात सळई फिरली. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. तिनं सखुबाईच्या खांद्यावर हात टेकला आणि ती उभी राहिली.

भाऊसाहेबांचा 'मंजूर' तोंडातच राहिला. सरपंच ग्रामसभेत उभी राहिली, हे चिंचवंडीनं पहिल्यांदा पाहिलं.

"मॅडम," भाऊसाहेब चाचरत म्हणाले, "हरकत आहे का काही?"

ठमाबाईला हरकत बिरकत काही माहीत नव्हती. पाय मोकळा करायचा एवढंच तिच्या मनात. पण शंभरेक डोळे तिच्याकडं लागलेले, आणि तिला वाटलं, उभीच हाय तं दोन शब्द बोलावं.

"कमान कुटं बांधनार?" तिनं विचारलं.

"वेशीवर. रस्त्याच्या तोंडाला."

"म्हंजी मोरीवरल्या खड्ड्यापाशी?"

कुणीतरी फिसकन हसलं. चिमाजी खुर्चीतून म्हणाला, "आगं बस खाली. तिला बरं नाय, भाऊसाहेब. तुमी लिवा."

"बसता येत नाय," ठमाबाई म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलंय." आणि ती बोटांवर मोजू लागली. "मोरीवरला खड्डा गुडघाभर. त्याच्याम्होरं सखुबाईच्या मळ्याशी तीन, एकाला लागून एक. शाळेपुढचा तं पार विहीर. मंग पोल्ट्रीचा, मंग पिंपळाच्या वळनावरचा, तिथं मागल्या साली उज्ज्वला पोटुशी असताना गाडीवरून पडली. असे अठ्ठावीस हायेत. माझ्या पायानं मोजलेत. इचारा भिकनला."

"तीस," मागून भिकन ओरडला. "दोन परवाच्या पावसात नवे झाले काकू!"

"तीस," ठमाबाई म्हणाली. "मानूस गावात येईपर्यंत त्याची हाडं सुटी होत्यात. मंग कमानीवर आमचे फोटू बगून त्यो काय आशीर्वाद देईल?"

पडवी खदखदून हसली. सखुबाई उठली. "माझी बी हरकत लिवा!" तिच्यामागं उज्ज्वला उठली, मग अख्खी सतरंजी. बाया उभ्या राहिल्या म्हटल्यावर बाप्यांना बसून राहायची लाज वाटली. थोड्याच वेळात बसलेला माणूस एकच राहिला, तो म्हणजे चिमाजी. आणि भाऊसाहेबांना कमान खोडून 'रस्ता' लिहावं लागलं.

त्या दिवशी घरी चिमाजी तिच्याशी बोलला नाही. भाकरी मात्र तीन खाल्ल्या. ठमाबाईनंही समजूत काढली नाही. दुसऱ्या दिवशी पाय तितकाच दुखत होता. गावासमोर बोलल्यानं नस मोकळी होते, असं काही दवाखान्यात सांगितलेलं नव्हतं. तिनं गोधडी टाकली आणि मान वर काढली.

पण दसऱ्याच्या सुमाराला कळ करंगळी सोडून पोटरीत आली. दिवाळीला मांडीत. "वर वर सरकतेय ना, म्हणजे सुटतेय," वैष्णवी म्हणाली. मार्गशीर्षात ठमाबाईनं एका दमात मळ्याला दोन चकरा मारल्या, आणि घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज पायाची आठवणच झाली नाही. त्या आनंदात ती ओसरीवर उगाचच बसून राहिली, चांगला अर्धा तास.

मग श्रेय वाटून घ्यायला लोक पुढं आले. सखुबाई म्हणाली लसणाचं तेल. कोंडाजी म्हणाला, बिब्बा उशिरा लागू पडतो. त्याच महिन्यात रस्त्यावर डांबर पडलं, तेव्हा चिमाजीनंही वेशीवर फलक लावला: 'रस्त्याचे शिल्पकार, कार्यसम्राट चिमाजी'. फलकावर त्याचा फोटो माणसाएवढा. ठमाबाईचा होता खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

सव्वीस जानेवारीला पुन्हा सभा भरली. भाऊसाहेब सरसर वाचत चालले. शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "ऐनवेळचा विषय. बाजारातले भाजीचे ओटे काढून ती जागा सरपंचसाहेबांच्या पुतण्याला गाळ्यासाठी देणे. हरकत नाही. मं—"

बायांच्या सतरंजीवरून ठमाबाई उभी राहिली.

चिमाजी खुर्चीतून पुढं वाकत मोठ्या मायेनं म्हणाला, "पाय दुखतो का गं? जा, भाईर जरा फिरून ये."

"नाय वं," ठमाबाई म्हणाली. "आज जरा बी दुखत नाय." आणि ती भाऊसाहेबांकडं वळली. "काय म्हनले तुमी? परत वाचा. आन् हळू वाचा."