लोबानाचा गुरुवार

कोरी नळी कोरी निघाली नाही, तेव्हा हिबाला आधी वाटलं, यंत्रच बिघडलंय.

दर शुक्रवारी आणि अधूनमधून मंगळवारी विमानतळाच्या कुंपणापाशी पंप लावून ती स्टीलच्या नळ्यांतून हवा ओढायची. विमानांच्या धुरातले, अब्जावधी कणांत एखादाच सापडणारे विषारी कण शोधायचे, हा तिचा पीएचडीचा विषय. प्रत्येक खेपेला एक नळी पंपाला न जोडता नुसती सोबत न्यायची, ती कोरी नळी. तिच्यात काही सापडलं, तर त्या दिवसाच्या बाकीच्या नळ्याही बाद. आणि शुक्रवारच्या साऱ्या कोऱ्या नळ्यांत बेंझिन होतं, विमानांच्या धुरातलं तेच विष.

विमानतळावर हवा घ्यायचा परवाना संपला होता. आकडे उद्या मार्गदर्शक प्रकाश सरांना द्यायचे होते.

"हबीबी, झाकणं सैल राहिली म्हण," लॅबमधला राहिल म्हणाला. "कोऱ्या नळ्या वगळ, बाकी ठेव. खलास."

हिबा हसली नाही. तिचे अब्बा, कमरुद्दीन, त्याच कुंपणाच्या आत विमानांत सामान चढवत म्हातारे झाले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. शेवटी शेवटी बोलतानाही त्यांना दम लागायचा. प्रबंधात त्यांचं नाव येणार नव्हतं. ते कसली हवा घेत होते, एवढं तरी यावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

मगरिबच्या नमाजानंतर ती शारजाच्या घरी पोचली. दार उघडताच वास आला. गुरुवार होता. अब्बांच्या खोलीत त्यांच्या नावाने फातिहा देऊन अम्मी लोबान फिरवत होती.

हिबा दारातच थबकली. सबंध हिवाळा, दर गुरुवारी, याच खोलीत, अशाच धुरात, अब्बांच्या पलंगावर बसून तिने दुसऱ्या दिवशीच्या नळ्या, कोरीसुद्धा, उघडून पंपाबरोबर न्यायच्या पट्ट्यात बसवल्या होत्या. घरात दुसरीकडे जागा नव्हती, असं नाही.

"काय झालं गो?"

हिबाने सांगितलं. अम्मीने लोबानदान खाली ठेवलं. "मग बंद करू?"

"नको, अम्मी."

तिने तिथूनच फोन लावला. "सर, शुक्रवारच्या नळ्या धरू नका. त्यांच्यात आमच्या घरातला लोबानाचा धूर आहे."

मग उरलं काय, प्रकाश सरांनी विचारलं. लॅबमध्ये बसवलेल्या मंगळवारच्या थोड्या, तिने सांगितलं. तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही, हे दोघांनाही कळत होतं. परवान्याचं बघू, इन्शाल्ला, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अशा इन्शाल्लावर विसंबून कुणी राहत नाही.

हिबाने पलंगाखालची नळ्यांची पेटी ओढली आणि सकाळी लॅबला न्यायला बाहेरच्या दारापाशी ठेवली. परतली तेव्हा अम्मी तिच्यासाठी जागा ठेवून पलंगावर एका कडेला सरकून बसली होती.