विसाव्या गोष्टीचा हुंकार

मंगळवारी सकाळी मी धानाच्या लोंब्यांना चिठ्ठ्या बांधत होतो. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मी मजूर आहे. फोन हैदराबादहून आला. माझ्या बायकोची, उर्वशीची विद्यार्थिनी तहसीन, मूळची चंद्रपूरची. म्हणाली, "काका, मॅडम वारल्या. आत्ता, वर्गात."

हातातली चिठ्ठी मी नीट बांधली. मग बांधावर बसलो.

लग्न झालं तेव्हा आम्ही दोघंही बारावी पास होतो. ती पुढे शिकत गेली. सव्वीस वर्षं तिने हैदराबादच्या विद्यापीठात स्पॅनिश भाषा आणि ती बोलणाऱ्या देशांतली लोकसंस्कृती शिकवली. सुट्टीत घरी यायची. अलीकडे आपल्या जंगलातल्या गोष्टी स्पॅनिशमध्ये करून ती तिकडच्या गोष्टींशेजारी ठेवून शिकवत होती. धानोऱ्याची म्हातारी मंगली त्या सांगायची. गोष्टीला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो, नाहीतर सांगणारी थांबते. उर्वशी रेकॉर्डिंग सांभाळायची, म्हणून हुंकार मी द्यायचो.

"एवढी शिकली बाई, अन् हुंकाराले नवरा आणते," मंगली म्हणायची.

"घरी मले कधी हो म्हणत नाई," उर्वशी सांगायची. "इथी तरी म्हणू दे."

मे महिन्यात विसाव्या गोष्टीत मंगली अर्ध्यावर दमली. "बाकीची दिवाळीले," म्हणाली.

तेरवीला तहसीन आली. "त्या दिवशी वर्गात तीच अर्धी गोष्ट लावली होती," तिने सांगितलं. "मॅडमनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, ऐकताहेत. तुमचा हुंकार येत होता. रेकॉर्डिंग संपलं, तरी त्या उठल्या नाहीत."

मी विचारलं, माझ्या कितव्या हुंकाराला ती गेली?

दिवाळीनंतर तहसीन आणि मी धानोऱ्याला गेलो. तिने रेकॉर्डिंगसाठी फोन मंगलीसमोर धरला.

"अर्धी गोष्ट ठेवू नाई, भाऊ. दे हुंकार," मंगली म्हणाली.

ती दोन वाक्यं बोलली आणि थांबली. माझ्या तोंडून आवाज निघेना.

"मी देते," तहसीन म्हणाली.

"ज्याच्या हुंकारानं सुरू झाली, त्याच्यानंच संपते, पोरी." मंगलीने माझ्यापुढे पाण्याचा गडू सरकवला. "राहू दे आज. मी कुठी जाऊन राह्यली? पण लय उशीर नको करू."

एकोणीस गोष्टी स्पॅनिशमध्ये झाल्या आहेत. विसावी अर्धीच आहे. मी अजून हुंकार दिलेला नाही.