उघडी माती

पाण्यावर निर्बंध आले आणि प्राचार्यांची हिरवळ बघता बघता करपली, तेव्हा त्यांनी निसर्गाला क्षमा केली. नीतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली असल्याने एवढी उदारता त्यांच्या अंगी होती. घरापुढचा तो मृत तुकडा मग त्यांनी पत्नीच्या हवाली केला. त्यांच्या पत्नीला सारी वसाहत बाई म्हणे. वसाहतीतली निम्मी मुले बाईंच्या हाताखाली जीवशास्त्र शिकली होती.

बाईंनी झाडे निवडायला दोन वर्षे घेतली. झाडाने पाणी जवळजवळ मागू नये आणि मधमाशीला उपाशी परत पाठवू नये, अशी त्यांची अट. रोपवाटिकेतला गच्च पाकळ्यांचा झेंडू त्यांनी नाकारला. पाकळ्यांच्या त्या थाटात परागांना जागाच उरत नाही. रोझमेरी, लॅव्हेंडर, एकेरी पाकळ्यांची सूर्यफुले आली. बडीशेप मात्र कुंपणालगतच्या उताराच्या कडेने लावली. उतारावरची जमीन त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली, कारण तीत पेन्सिलीच्या टोकाएवढी भोके होती. पोळे न बांधता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या तिथे अंडी घालून मरून गेल्या होत्या. त्यांची पिल्ले मातीखाली वाढून वर्षभराने, बडीशेप फुलेल तेव्हा, वर येणार होती. बाई त्या दिवसाची वाट पाहत होत्या.

“हे टक्कल कधी झाकणार?” प्राचार्य विचारत.

“नाही झाकायचं. खाली माझी माणसं आहेत.”

“माणसं! अगं, नातवंडांना एवढा जीव लाव.”

“नातवंडांना आई-बाप आहेत. ह्यांना कोणी नाही.”

प्राचार्य हसले. बाईंच्या बोलण्यावर हसण्याची त्यांना जुनी सवय होती. त्यामुळे ते ऐकण्याची गरज पडत नसे.

मग बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी बाईंना परगावी जावे लागले, आणि रिकाम्या घरात प्राचार्यांनी अवर्षणातल्या बागांविषयी वाचायला घेतले. माती झाकली की ओल टिकते, असे त्यांच्या वाचनात आले. वाचलेले आचरणात आणण्याचा मोह त्यांना आयुष्यात प्रथमच झाला.

बाई परतल्या तेव्हा फाटकापासून कुंपणापर्यंत पांढरी खडी पसरली होती. तीवर वसाहतीची कार्यकारिणी उभी होती आणि प्राचार्य तिला सहजीवनाचा अर्थ समजावत होते. बडीशेप ऐन फुलात होती.

“काय, कसं वाटतंय? तुझंच काम पुरं केलं,” ते म्हणाले.

“खडीखाली काय आहे?”

“प्लास्टिक. चांगलं जाड.”

“कुंपणापाशीसुद्धा?”

“तिथे तर दुहेरी! तुझा तो कळकट कोपरा होता ना.”

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“फुलं इतकी छान,” शेजारीण म्हणाली, “पण माश्या कशा नाहीत हो?”

“येतील. त्यांचा विश्वास संपादन करावा लागतो,” प्राचार्य म्हणाले, आणि मंडळींना चहाला आत घेऊन गेले.

बाईंनी स्वयंपाकघरातून कात्री आणली. उतारावर गुडघे टेकून त्यांनी खडी दोन्ही हातांनी बाजूला ओढली, प्लास्टिक कापले आणि उलटे केले. माश्या वर आल्या होत्या. काळ्या छताखाली उजेड शोधत कडेपर्यंत चालत गेल्या होत्या आणि शिवणीत डोकी खुपसून वाळल्या होत्या. बाईंनी पुढचा पट्टा कापला, मग त्याच्या पुढचा. एकही हलली नाही.

माश्यांसकट कापलेला तुकडा दोन्ही हातांवर तोलत त्या दिवाणखान्यात गेल्या आणि कपांच्या मधोमध तो ठेवला.

“अगंबाई!” शेजारीण मागे सरकली.

“हे नर. हे आधी निघतात,” बाई वर्गात बोलावे तशा बोलल्या. “ह्या माद्या. हिच्या पायांवर केस दिसतात? पराग न्यायला असतात. कोरडे आहेत, बघा.”

“अगं, मला सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं.”

“मग नीट सांगायचं. मला वाटलं, आपली गंमत चाललीय तुझी.” प्राचार्य मंडळींकडे वळले. “आमची ही फार हळवी आहे. पण चहाच्या टेबलावर, म्हणजे...”

“दुसरीकडे कुठे ठेवू? जमीन तर तुम्ही झाकलीत.”

कोणी कपाला हात लावला नाही. प्राचार्यांनी मात्र घोट घेतला, आणि साखर कमी पडल्याचे नमूद केले.