मंगळवारची हजेरी

आमच्या मिठाई कारखान्यातल्या दुसऱ्या लाइनवर मार्शमॅलो ही मऊ, फुगीर मिठाई कापणारे पाते गेले काही आठवडे दर मंगळवारी सकाळी बंद पडत होते. त्याविषयी दोन सिद्धान्त प्रचलित होते. व्यवस्थापक ड्वाइट व्हीलॉक याच्या मते लाइनप्रमुख व्हर्ना हुकस्ट्रा भलतेच बटण दाबत असे. व्हर्नाच्या मते, संस्थापकांची तसबीर प्रवेशद्वारावरून काढून कॅन्टीनमध्ये कचऱ्याच्या डब्यावर टांगली तेव्हापासून संस्थापक रुसले होते. दोन्ही सिद्धान्तांना सारखाच पुरावा होता, म्हणजे नव्हता. फरक एवढाच की ड्वाइटच्या सिद्धान्ताला अधिकाराचे पाठबळ होते. येत्या सोमवारपासून व्हर्नाला खोकी जोडण्याच्या टेबलावर बसवायचे ठरले होते.

ही लाइन बसवली गेली तेव्हापासून व्हर्ना ती चालवत होती. शांत बसण्याचे काम तिला कधीच जमले नव्हते.

"नोरीन, खोकी जोडायला बसवलं तर मी नोकरीच सोडीन," ती मला म्हणाली. "आणि घरी बसायचं म्हणजे माझा नवरा हॅरल्ड. निवृत्त झाल्यापासून तो अकॉर्डियन शिकतोय."

मी या कारखान्याची नियंत्रण अभियंता. शिक्षण भौतिकशास्त्राचे असल्यामुळे रुसलेले संस्थापक आणि भलते बटण यांना मी समान संशयाने वागवत होते. पाते बंद पडल्यावर काय होते, ते मात्र संशयातीत होते. यंत्राच्या तोंडातून मार्शमॅलोचा जाड, गुलाबी, ऊबदार दोर अखंड बाहेर येतो आणि पाते त्याचे तुकडे करते. पाते थिजले तरी दोर येतच राहतो. तोंड बंद करता येत नाही, कारण आतला फेस तिथल्या तिथे बसतो आणि तो खरवडण्यात अख्खी पाळी जाते. म्हणून आमच्याकडे रिवाज असा की पाते थांबले की ज्याने त्याने हातातले काम सोडून ओळीत उभे राहायचे आणि दोर खांद्यावर घ्यायचा. जमिनीला लागलेला दोर डुकरांच्या फार्मवर जातो. तिथल्या डुकरांना मंगळवार अलीकडे फार आवडू लागला होता.

त्याच आठवड्यात शिकागोच्या मुख्य कचेरीतून ट्रेंट ऑसगुड आला. सर्व कचेऱ्यांचे नेटवर्क त्याच्या ताब्यात होते. उत्पादनाचे आकडे साहेबांच्या पडद्यावर दिसावेत म्हणून शरद ऋतूत कारखान्याचे नेटवर्कही कचेरीच्या नेटवर्कला जोडले गेले होते, आणि ते ठीक चालले आहे ना हे पाहायला तो आला होता. तरुण, नम्र, इस्त्रीदार. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून चेरी-पाय नावाचा गोड पदार्थ खाता खाता तो आपल्या व्यवस्थेचे कौतुक सांगू लागला. दर मंगळवारी सकाळी त्याची यंत्रणा सगळ्या उपकरणांची हजेरी घेत असे. एकेका उपकरणाकडे जाऊन तू कोण, तुझी कोणकोणती दारे उघडी आहेत, कुलपे जुनी तर झाली नाहीत, असे हजारो प्रश्न विचारत असे.

मी काटा खाली ठेवला. दर मंगळवारी नक्की कधी, असे मी विचारले. त्याने सांगितलेली वेळ नेमकी पाते बंद पडण्याचीच होती, आणि ती ऐकून माझ्या अंगात जो आनंद संचारला, तो त्या चेरी-पायच्या मानाने फारच जास्त होता.

"पण नुसतं दार ठोठावल्यानं कुणी मरत नाही, मॅम," ट्रेंट म्हणाला.

कचेरीत मरत नाही, हे मला मान्य होते. तिथल्या संगणकाला दिवसभर अनोळखी लोक भेटतात. वेडावाकडा प्रश्न आला तर तो दुर्लक्ष करतो, आणि फारच गोंधळला तर त्याला रीस्टार्ट करून आपण कॉफी आणायला जातो. आमच्या पात्याचा नियंत्रक, म्हणजे ते चालवणारा छोटा संगणक, वयाने ट्रेंटहून मोठा होता. जन्मभर त्याच्याशी एकटा दोर वाहणारा पट्टाच बोलला होता, आणि तोही एकच वाक्य, सेकंदाला कितीतरी वेळा: मी एवढ्या वेगाने येतोय. परक्या माणसाने दारात उभे राहून हजारो प्रश्न विचारले तर तो बिचारा सगळ्यांची उत्तरे शोधत बसणार आणि पट्ट्याचे बोलणे त्याच्या कानावर पडणार नाही, असा माझा अंदाज होता. कचेरीत शंका आली की दार लावून घेणे हेच शहाणपण. कारखान्यात थांबणे हीच इजा.

अर्थात हा तिसरा सिद्धान्त, आणि त्यालाही अजून पुरावा नव्हता. मी ड्वाइटकडे प्रयोगाची परवानगी मागितली. तो म्हणाला, कर, पण व्हर्नाला बटणांपासून लांब ठेव.

पहिल्या फेरीत तसबीर समारंभपूर्वक प्रवेशद्वारावर परत लावली, व्हर्नाला यंत्राशी उभे केले आणि हजेरी घेतली नाही. पाते झकास चालले. व्हर्नाने तसबिरीकडे पाहून मान लववली आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी तिला सांगितले. तुझ्यासारख्या बाईला देव भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील, असे ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीत तसबीर जागेवरच ठेवली. व्हर्नाला कॅन्टीनमध्ये कॉफी देऊन बसवले आणि दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवायला सांगितले. ट्रेंटने आपल्या संगणकावर हजेरी सुरू केली. पाते वर गेले आणि वरच राहिले.

दोर निघाला. ओळ लागली. पहिल्याच खांद्यावरून तो घसरला तेव्हा ट्रेंटने काहीही विचार न करता पुढे होऊन तो झेलला आणि इस्त्रीच्या सदऱ्यासकट ओळीत सामील झाला.

"रीस्टार्ट करा ना," तो ओरडला.

"केलंय. उठायला वेळ लागतो त्याला," मी म्हटले. "तोवर चालत राहा."

तो चालत राहिला. नियंत्रक शुद्धीवर आला, पाते पडू लागले. ट्रेंटच्या चेहऱ्यावर मला अपराधी भाव अपेक्षित होता. तिथे निखळ हर्ष होता.

"एकदा घडलं म्हणजे योगायोगही असू शकतो," तो गंभीरपणे म्हणाला. "परत बघायला हवं."

ड्वाइटही पुढे आला. पद्धतशीर खात्री झाल्याशिवाय आपल्याला निर्णय बदलता येणार नाही, असे तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने कोट काढून ठेवला. हिशेब विभागातली मंडळी दारात जमली होती. त्यांनाही अचानक शास्त्रीय शंका आल्या. पुनरावृत्तीची इतकी निरपेक्ष ओढ मी विद्यापीठातही पाहिली नव्हती.

तिसऱ्या फेरीत नियंत्रकाने उठायला जास्तच वेळ घेतला. दोर पॅकिंग विभाग ओलांडून गेला, कचेरीच्या दारातून आत शिरला आणि हिशेबनिसांच्या खांद्यांवरून खिडकीपर्यंत पोचून वळला. केसांवर हेअरनेटची जाळी घातलेल्या आणि न घातलेल्या माणसांची एकच लांब, गुलाबी, डुलणारी मिरवणूक झाली. कुणीतरी खिदळले, त्याचा संसर्ग दोराच्या वेगाने पसरला. मधोमध ड्वाइट. त्याच्या खांद्यावरून दोर गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

कॅन्टीनचे दार धाडकन उघडले. व्हर्नाला हे बघवले नाही.

"डावा खांदा, डावा! ट्रेंट बाळा, वळणावर थांबू नकोस. ड्वाइट, अरे तो दोर आहे, मफलर नाही!"

"व्हर्न, ते खोक्यांचं टेबल," ड्वाइट धापा टाकत म्हणाला, "रद्द. माझी चूक झाली."

"ते मग बोल. आधी कोपर वर घे."

त्याने कोपर वर घेतले. पाते खाली आले. दोराचे तुकडे टपाटप पडू लागले, आणि व्हर्ना आपल्या जागी, यंत्राच्या तोंडाशी, जाऊन उभी राहिली. तिला कुणी अडवले नाही.

दोन्ही नेटवर्कांच्या मध्ये आकडे बाहेर जातील पण प्रश्न आत येणार नाहीत असे फाटक बसवायचे, हे मी आणि ट्रेंटने गुलाबी हातांनी तिथेच ठरवले. मुख्य कचेरीची मंजुरी यायला वेळ लागेल, असे तो म्हणाला.

"तोवर काय?" व्हर्नाने विचारले.

ट्रेंटने खाली वाकून दोन्ही नेटवर्कांमधली केबल उपटली आणि तिच्या हातात दिली. साहेबांना आकडे फोनवरून आपण स्वतः कळवू, असे तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पाते अखंड चालले. पण ठरलेल्या वेळी ड्वाइट, अर्धा हिशेब विभाग आणि शिकागोहून खास गाडी चालवत आलेला ट्रेंट, असे सगळे हेअरनेट घालून पट्ट्याशी ओळीत उभे होते. व्हर्नाने त्यांच्याकडे वळूनही न पाहता वेग वाढवला.

"काही बंद पडणार नाहीये," ती म्हणाली. "पण आलाच आहात, तर उभं राहायचं कसं ते तरी नीट शिकून घ्या."