खिडकी पूर्वेला आहे का?

आमच्या सोसायटीत कुणाचं परदेशी जायचं ठरलं की ते आधी तिकिटं काढायचे आणि मग आमच्याकडे यायचे. राहायचं कुठे, हे ह्यांना विचारायला. कोथरूडच्या आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, चहा पिता पिता, लोकांनी व्हिएन्नातल्या आणि क्योटोतल्या खोल्या ठरवल्या आहेत. हे आयुष्यभर एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. माल बघायच्या आधी माल देणाऱ्याला बघायचं, ही तिथली सवय. हॉटेलच्या बाबतीतही ती सुटली नाही. हॉटेलला तारे किती, फोटो कसे, याकडे ते बघतच नसत. आलेल्या माणसालाच उलट प्रश्न विचारत बसायचे.

"किती वाजता उठतोस?" हे वरच्या मजल्यावरच्या अवधूतला विचारलेलं मला आठवतं. सुट्टीत नऊ-साडेनऊ, असं तो म्हणाला. "मग नाश्ता धरून पैसे घेणाऱ्या हॉटेलात कशाला जातोस? तुला उष्ट्या बशा बघायला मिळतील." अवधूत हसला आणि ह्यांनी सांगितलं तिथेच जाऊन राहिला. परत आल्यावर ह्यांच्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आला.

पण खरं सांगायचं तर ह्यांची ती हातोटी माझ्यामुळे आली. माझ्यामुळे म्हणजे माझ्या नेमांमुळे.

माझे नेम फार मोठे नाहीत. सकाळी अंघोळ करून निरांजन लावायचं, उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, तोपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. आणि जेवायला बसण्याआधी पहिला घास पाखरांना. आईने लग्नाच्या आधी हे नेम दिले आणि देवाच्या कृपेने ते चालत आले. घरी बाल्कनी आहे, काही अडत नाही. पण पहिल्यांदा एका टूरबरोबर परदेशी गेलो तेव्हा हॉटेल गावाबाहेर, महामार्गाच्या कडेला. खोलीची खिडकी उघडत नव्हती, आणि तिच्यापुढे दुसऱ्या इमारतीची भिंत. मी रोज पहाटे गडू घेऊन खाली गाड्या लावायच्या जागेत जायची आणि तिथल्या एका झुडपाशी उभी राहून पाणी सोडायची. तिथला पहारेकरी मला बघत राहायचा. शेवटच्या दिवशी हे कोट घालून माझ्याबरोबर खाली आले आणि थंडीत शेजारी उभे राहिले.

त्यानंतर आम्ही टूरने कधी गेलो नाही. हे स्वतः पत्र लिहू लागले. ज्या गावी जायचं तिथल्या लहानसहान हॉटेलांना एकच प्रश्न: खोलीची खिडकी पूर्वेला आहे का, आणि माझी पत्नी सकाळी तुपाचा एक छोटा दिवा लावते, तो चालेल का?

झालं असं, की त्या प्रश्नानेच हॉटेलं आपोआप वेगळी होऊ लागली. मोठ्या ठिकाणांहून छापील उत्तर यायचं, की आपल्या आवडीबद्दल आभार, खोली दुपारी मिळेल. काहींचं उत्तरच यायचं नाही. पण एखाद्या ठिकाणची मालकीण स्वतः उठून खिडकीपाशी जायची, बघायची आणि लिहायची. कुणी लिहायचं की पूर्व आहे, पण समोर झाड आहे. कुणी लिहायचं की दिवा लावा, पण पडद्यापासून लांब. हे म्हणायचे, "जो आपल्या खोलीतलं उणं आधी सांगतो, त्याच्याकडे डोळे मिटून जावं." आणि अशा घरांचं भाडंही बेताचंच असायचं. मालक तिथेच वरच्या मजल्यावर राहणारा, चादरी स्वतः वाळत घालणारा.

पोर्तुगालमध्ये पोर्तो नावाचं गाव आहे, तिथल्या अमेलियाबाईंचं घर असंच मिळालं. नदीकाठी, उंच, अरुंद, निळ्या फरशा लावलेलं. नदी जिकडून येते तिकडे पूर्व, आणि खिडकी बरोबर तिकडेच. सूर्य नदीतूनच वर येतोय असं वाटायचं. मी अर्घ्य द्यायची तेव्हा खालून होड्यांच्या दोऱ्या करकरायच्या. इतक्या वर्षांनीही डोळे मिटले की ती सकाळ मला दिसते.

आणि तिथेच मी तो घोळ घातला. आम्ही बरोबर लहान कुकर नेत असू. वरणभात झाला की मी पहिला घास खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची, घरी कावळ्याला ठेवते तसाच. तिथे कावळे कुठले. समुद्रावरचे मोठाले पांढरे पक्षी आले. पहिल्या दिवशी एक, मग घोळकाच. पुढे पुढे तर भात शिजायच्या आधीच येऊन काचेवर चोच मारू लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांची त्यांनी पार वाट लावली. त्या पक्ष्यांना खायला घालायची तिथे बंदी असते, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

अमेलियाबाई झाडू घेऊनच वर आल्या. जाडजूड, काळा झगा, श्वास लागलेला. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण बोलणी खाणं कुठल्याही भाषेत कळतं. ह्यांनी फोनवर भाषांतर करून त्यांना एवढंच सांगितलं, की पाखराला घास दिल्याशिवाय ही जेवत नाही.  बाईंनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग झाडू भिंतीला टेकवला, माझा हात धरला आणि मला खाली नेलं. मागच्या अंगणात जाळी होती आणि जाळीत त्यांच्या कोंबड्या. त्यांनी दार उघडून मला खूण केली, की इथे घाल. आम्ही तिथे होतो तोवर माझा पहिला घास त्या कोंबड्यांनी खाल्ला. जाताना अमेलियाबाईंनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला. हे पुण्यात आल्यावर सगळ्यांना सांगायचे, "पोर्तोत हिने कोंबड्यांनाही नेमाला लावलं."

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ह्यांचे डोळे. मागच्या वर्षापासून ह्यांना मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, पण जिथे बघायला जावं तिथे धुकं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. त्या दिवसापासून ह्यांनी संगणकावर टॉवेल टाकून ठेवला. कुणी हॉटेल विचारायला आलं तर म्हणतात, "ॲपवर बघा, तिथे सगळं असतं." अवधूतही हल्ली येत नाही.

आणि आमची ऋतुजा, म्हणजे मुलगी, आणि जावई पियुष, यांनी ठरवलं की दिवाळीनंतर आपण चौघांनी पोर्तुगालला जायचं. आईबाबांची आवडती जागा म्हणून. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही तिघं जा. ऋतुजा रागावली, पियुषने समजावलं. ह्यांचं एकच म्हणणं: परक्या गावात मला हाताला धरून फिरवायचं, ते तुम्हालाही नको आणि मलाही नको. तिकिटं रविवारपर्यंत काढायची होती. तीन काढायची की चार, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मला वाटलं, अमेलियाबाईंचं घर ठरवलं तर हे नाही म्हणणार नाहीत. ऋतुजाने शोधलं. ते घर आता एका कंपनीकडे आहे. दारावर एक डबी, आकडे दाबले की तिच्यातून किल्ली मिळते. आत कुणी राहत नाही. अमेलियाबाईंचं काय झालं, ते कळलं नाही. कोंबड्यांचं तर कोण सांगणार?

मग ऋतुजाने विमानतळाजवळचं एक मोठं हॉटेल पसंत केलं. लिफ्ट आहे, नाश्ता आहे, बाबांना सोयीचं. "खिडक्या उघडत नाहीत आई, पण एसी आहे." हे समोरच बसले होते. पूर्वी यावर हे असं काही बोलले असते की पियुषला पाणी प्यावं लागलं असतं. पण हे म्हणाले, "छान आहे." नुसतं छान आहे. मला ते 'नाही'पेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मी फोन घेऊन बाल्कनीत बसले. मला पत्र लिहायची सवय नाही, इंग्रजी तर नाहीच. पण फोनला मराठीत सांगितलं की तो इंग्रजी करून देतो, हे पियुषने शिकवलं होतं. मी पोर्तोतल्या लहान लहान घरांना ह्यांचाच प्रश्न पाठवला. खिडकी पूर्वेला आहे का? दिवा चालेल का? शिवाय पाखरांचंही लिहिलं, एकदा पोळल्यामुळे. ह्यांना सांगितलं नाही. देवापुढे मात्र सांगितलं.

उत्तरं आली ती बहुतेक छापील. आणि शनिवारी दुपारी एक लांबलचक आलं. झ्वाकिम नावाच्या गृहस्थांचं. ते निवृत्त शिक्षक, बायकोबरोबर त्याच घरात राहतात. मी ते फोनला मराठी करायला सांगितलं आणि ह्यांच्यापाशी जाऊन वाचू लागले. हे आरामखुर्चीत पडून होते, डोळे मिटून.

झ्वाकिम यांनी लिहिलं होतं, की खिडकी पूर्वेलाच आहे, पण समोर चर्चची भिंत आहे, त्यामुळे नऊच्या आधी सूर्य खोलीत येत नाही. मात्र गच्ची आहे. माझी बायको तिथे कपडे वाळत घालते. तिथून सूर्य लवकर दिसतो. दिवा गच्चीवर लावावा, खोलीतली धुराची घंटा फार भित्री आहे. पाखरांबद्दल बायकोशी बोललो. मोठे पक्षी नकोत, पण आमच्याकडे चिमण्या येतात, त्यांचं चालेल. लिफ्ट नाही, आणि ती कधी होणारही नाही.

मी थांबले.

"नऊपर्यंत ऊन नाही म्हणजे खोली गार पडणार," हे डोळे न उघडता म्हणाले. "हीटरचं विचारलंस?"

"नाही."

"मग काय विचारलंस? खिडकी आणि चिमण्या?"

"तुम्ही विचारायचात तेच विचारलं."

"मी पहिल्या पत्रात ते विचारायचो. दुसऱ्या पत्रात बाकीचं." हे उठून बसले. "हा माणूस बरा दिसतोय. भिंत आहे ते स्वतःहून सांगितलं त्याने. घे, लिही."

मी फोन पुढे धरला आणि हे सांगू लागले. हीटर कुठल्या प्रकारचा. गरम पाण्याची टाकी केवढी, दोघांच्या अंघोळी लागोपाठ होतील का. रस्ता रहदारीचा की आतला. मधेच मला म्हणाले, त्यांच्या बायकोचं नाव विचार, नुसतं बायको बायको काय लिहायचं. मी तिकिटांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर हे परत आडवे झाले असते.

मग हे थांबले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"जिन्याला कठडा आहे का, विचार," हे म्हणाले. "कुठल्या बाजूला आहे तेही. मला जिना दिसतो, पायरीची कड दिसत नाही."

मी ते फोनला सांगितलं. पाठवलं, आणि आत जाऊन ऋतुजाला फोन लावला, की चार काढ. ती विचारत राहिली, बाबा काय म्हणाले, नक्की काय म्हणाले. मी म्हटलं, हो म्हणाले नाहीत, पण तू काढ.

संध्याकाळी झ्वाकिम यांचं उत्तर आलं. बायकोचं नाव ल्युसिंडा. हीटर विजेचा. कठडा एकाच बाजूला, चढताना डाव्या हाताला, आणि वरच्या टप्प्यावर थोडा हलतो, तो तुम्ही यायच्या आत दुरुस्त करून ठेवतो. मी वाचून दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग चपला घातल्या आणि दार उघडून बाहेर गेले. मला वाटलं, लिफ्टने खाली चक्कर मारायला गेले असतील. पण लिफ्टचा आवाज आला नाही.

मी दारात जाऊन बघितलं. हे जिना उतरत होते. उजवा हात कठड्यावर, डावा मोकळा सोडलेला, पाऊल टेकवून मगच पुढचं. खालच्या टप्प्यावर पोचले, वळले आणि हात बदलून परत वर येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई पिशवी घेऊन खाली उतरत होत्या. त्या कठड्याला खेटून थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो काका, लिफ्ट बंद पडली का?"

"नाही," हे म्हणाले. "जरा बाजूला होता का? पोर्तुगालला चाललोय."